किचकट भगंदर : तपासणीच्या टेबलापासून डिस्चार्ज कार्डापर्यंत

मूळव्याध, फिशर आणि भगंदर ही तीन दुखणी दवाखान्यांच्या पाट्यांवर एकाच ओळीत लिहिलेली असतात. रुग्णाच्या डोक्यातही ती एकच होऊन बसतात. आर्वी असो, हिंगणघाट असो की समुद्रपूर, बसायच्या जागी दुखू लागले की माणूस आधी ‘मूळव्याध झाली’ म्हणतो, मेडिकलमधून मलम आणतो आणि आठ दिवस तिखट बंद करतो. फोड फुटतो, पू निघून जातो, आराम पडतो. महिना-दोन महिन्यांनी फोड पुन्हा तिथेच येतो. असे दोन-तीन हंगाम गेल्यावर कुणीतरी सांगते, की ही मूळव्याध नव्हे, भगंदर आहे.

इथवरची कहाणी कुठल्याही जिल्ह्यातली म्हणून खपेल. वर्धा जिल्ह्याचे वेगळेपण त्यापुढे आहे. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात रुग्णाला जायला दारे कमी नाहीत. सेवाग्रामला 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचे कस्तुरबा रुग्णालय आहे. सावंगी (मेघे) येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. सालोड (हिरापूर) येथे महात्मा गांधी आयुर्वेद महाविद्यालय आहे. वर्धा शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. खासगी सर्जन आहेत, औषधी धाग्याने भगंदर कापणारे क्षारसूत्रवाले वैद्य आहेत आणि ‘शर्तिया इलाज’वालेही आहेत. जुना भगंदर घेऊन फिरणारा माणूस यांतली दोन-तीन दारे ठोठावून आलेला असतो. प्रश्न असा, की एका दारातून दुसऱ्या दारात जाताना त्याच्यासोबत काय जाते? बहुतेकदा पिशवीत चुरगळलेला एक कागद, त्यावर ‘फिस्टुला – ऑपरेटेड’ एवढे दोन शब्द. किचकट भगंदराचा आढावा घ्यायचा तर निदान आणि उपचार यांच्या बरोबरीने या कागदाचाही घ्यावा लागतो. या रोगात पुढच्या डॉक्टरला जे कळायला हवे, ते मागच्या डॉक्टरने लिहून ठेवले तरच कळते.

साधा कोणता, किचकट कोणता

गुदमार्गाच्या आत, डेंटेट रेषेपाशी, लहान लहान ग्रंथी असतात. त्यांतली एखादी तुंबते, तिच्यात जंतुसंसर्ग होतो आणि पू वाट शोधत स्नायूंमधून बाहेरच्या कातडीपर्यंत येतो. पू आला म्हणजे गळू झाले. पू गेल्यावरही ती वाट बुजली नाही म्हणजे भगंदर झाला. गळू झालेल्या प्रत्येकाला भगंदर होत नाही. साधारण तिघांत एकाला, काही अहवालांनुसार निम्म्यांना होतो. अँटिबायोटिकने पू आटतो, वाट बुजत नाही. उंदराच्या बिळाचे एक तोंड लिंपून उंदीर जात नाही, तसेच इथे बाहेरचे तोंड सुकवून भागत नाही. आतले तोंड सापडले पाहिजे.

वाट कुठून जाते यावर सगळे अवलंबून असते, कारण शौचावर ताबा ठेवणारे स्नायू तिथेच आहेत. 1976 साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स आणि सहकाऱ्यांनी 400 रुग्णांच्या अभ्यासावरून चार प्रकार मांडले: दोन स्नायूंच्या मधून जाणारा इंटरस्फिंक्टरिक, बाहेरचा स्नायू भेदून जाणारा ट्रान्सस्फिंक्टरिक, स्नायूला वरून वळसा घालणारा सुप्रास्फिंक्टरिक आणि स्नायूंच्या पूर्ण बाहेरून जाणारा एक्स्ट्रास्फिंक्टरिक. पन्नास वर्षे होत आली तरी जगभरचे सर्जन हीच भाषा बोलतात. इतक्या रुग्णांच्या वाटा कुणीतरी नीट टिपून ठेवल्या, म्हणून ही वर्गवारी उभी राहिली.

किचकट म्हणायला आज सर्वसाधारणपणे हे निकष लावतात: वाटेने बाहेरच्या स्नायूचा 30 टक्क्यांहून जास्त भाग वेढला आहे, वाटा एकाहून अधिक आहेत किंवा घोड्याच्या नालेच्या आकाराची शाखा दुसऱ्या बाजूला गेली आहे, ऑपरेशननंतर रोग उलटला आहे, बाईमध्ये वाट पुढच्या बाजूला आहे, रुग्णाचा शौचावरचा ताबा आधीच कमी आहे, किंवा मुळाशी क्रोन्स (आतड्याच्या दाहाचा रोग), क्षय, रेडिएशन असे दुसरे कारण आहे. बाईचा निकष मुद्दाम लक्षात ठेवावा. पुढच्या बाजूला स्त्रीचा स्नायू आखूड असतो आणि अवघड बाळंतपणात तो आधीच फाटलेला असू शकतो. पुरुषात निर्धोक ठरणारा छेद तिला जन्मभराचे दुखणे देऊ शकतो. आणि आधी यायलाच ती कचरते, त्यामुळे उशीर ठरलेलाच.

निदान : बोट, सलाई आणि एमआरआय

अनुभवी सर्जनचे बोट हे आजही पहिले यंत्र आहे. बाहेरच्या तोंडापासून आत जाणारी वाट कातडीखाली कडक दोरीसारखी हाताला लागते. गुडसॉलचा जुना नियम सांगतो, की बाहेरचे तोंड मागच्या अर्ध्यात असेल तर वाट वळण घेऊन मागे मध्यरेषेवर उघडते. पुढच्या अर्ध्यात असेल तर सरळ आत जाते. तोंड कडेपासून लांब असले की नियम पुष्कळदा चुकतो, आणि किचकट भगंदरात तर त्यावर विसंबूच नये. ओपीडीत सलाई घालण्याची घाईही टाळावी. जोर लावला की सलाई स्वतःची नवी वाट पाडते आणि एका भगंदराचे दोन होतात. भूल दिल्यावर सलाई हळू घालायची. आतले तोंड दिसत नसेल तर बाहेरून हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून आत बुडबुडे कुठे येतात ते बघायचे.

साध्या, वरवरच्या भगंदराला एमआरआय लागतोच असे नाही. उलटलेल्या भगंदराला मात्र तो न करता हात लावणे धोक्याचे. 2002 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या बुकॅनन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात उलटलेल्या भगंदराचेच रुग्ण होते. ज्या सर्जनांनी एमआरआयने दाखवलेले नेहमी मनावर घेतले, त्यांच्या रुग्णांत रोग पुन्हा येण्याचे प्रमाण 16 टक्के होते. ज्यांनी कधीच घेतले नाही, त्यांच्यात 57 टक्के. दडून राहिलेली शाखा, पुवाची पोकळी, स्नायूच्या वर गेलेली वाट हे सगळे फोटोत दिसत होते. फरक ते वाचण्याचा होता. सेवाग्राम आणि सावंगी या दोन्ही ठिकाणी एमआरआयची सोय असल्यामुळे वर्ध्याच्या रुग्णाला त्यासाठी नागपूर गाठावे लागत नाही. अट एवढीच, की रिपोर्टमध्ये ‘पेरिएनल फिस्टुला दिसतो’ यापुढे काही असावे: आतले तोंड घड्याळाच्या किती वाजता, वाट पार्क्सच्या कोणत्या प्रकारची, स्नायूचा किती भाग वेढलेला, शाखा किती.

तिसरी तपासणी स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी. काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवणे. आपल्या भागात क्षय घरोघरी माहीत असलेला रोग आहे आणि तो गुदमार्गालाही होतो. क्षयाचा भगंदर कितीदाही कापला तरी गोळ्या सुरू केल्याशिवाय भरत नाही. म्हणून तुकड्याचा एक भाग पॅथॉलॉजीला आणि एक क्षयाच्या सीबीनॅट तपासणीला गेला पाहिजे. तरुण रुग्णाला जुलाब, वजन घटणे, एकाहून जास्त तोंडे अशी लक्षणे असतील तर क्रोन्सचा विचार करून कोलोनोस्कोपी करावी. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या भगंदरात क्वचित कर्करोगही निघतो.

उपचार : बरे करायचे, पण ताबा घालवून नाही

साध्या, खालच्या भगंदराला वाट उघडी करणे हाच उत्तम इलाज. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण त्याने बरे होतात. किचकट भगंदरात हाच छेद घेतला तर वाट जाईल, पण स्नायूही जाईल. शौचावरचा ताबा गेलेल्या शेतकऱ्याला बाजारात, लग्नात, एसटीत बसणे मुश्किल होते; त्याच्यापेक्षा वाहणारा भगंदर बरा होता असे त्याला वाटू लागते. त्यामुळे इथे सगळ्या पद्धतींचा खटाटोप स्नायू राखण्यासाठी आहे.

पहिली पायरी बहुधा सैल सेटनची. वाटेतून धागा ओवून ठेवायचा, पू वाहता ठेवायचा, सूज उतरू द्यायची. मग पुढचा मार्ग. थायलंडच्या अरुण रोजनासाकुल यांनी 2007 साली मांडलेल्या लिफ्ट पद्धतीत दोन स्नायूंच्या मधल्या फटीत शिरून वाट बांधून तोडतात. फ्लॅप पद्धतीत आतल्या तोंडावर आतड्याचे अस्तर ओढून शिवतात. व्हाफ्टमध्ये दुर्बिणीने वाट आतून बघून जाळतात, लेझरमध्ये तंतू घालून ती आकसवतात. पंचकुल्याच्या पंकज गर्ग यांची ट्रॉपिस पद्धत इंटरस्फिंक्टरिक भाग आतल्या बाजूने उघडा करते आणि बाहेरच्या स्नायूला हात लावत नाही. वाट बुजवणाऱ्या जैविक प्लगबद्दल फार आशा होती. ब्रिटनमधल्या फियाट चाचणीत वर्षभरानंतर प्लगवाले 54 टक्के आणि सर्जनच्या पसंतीचे उपचार घेतलेले 55 टक्के बरे निघाले. क्रोन्समधल्या भगंदरासाठी युरोपात 2018 साली मान्यता मिळालेले स्टेम सेलचे औषध पुढच्या चाचणीत टिकले नाही आणि बाजारातून मागे घेण्यात आले. सांगायचा मुद्दा असा, की ‘वेदनारहित लेझर, त्याच दिवशी घरी’ ही जाहिरात वाचून पद्धत निवडू नये. पद्धत वाटेवरून ठरते.

क्षारसूत्राकडे वर्ध्यात आदराने आणि बारकाईने दोन्ही बघायला हवे, कारण इथला रुग्ण ते खरोखर निवडतो. सुश्रुताने भगंदराची गणना आठ महागदांत केली आणि त्याचे पाच प्रकार सांगितले. औषधी सूत्राचा उल्लेख अकराव्या शतकातल्या चक्रदत्तात आहे. विसाव्या शतकात बनारस हिंदू विद्यापीठात पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा वापरात आणले. तयार करण्याची प्रमाणित रीत अशी: वीस नंबरच्या लिननच्या धाग्याला निवडुंगाच्या चिकाचे अकरा लेप, मग चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे सात, शेवटी चीक आणि हळदीचे तीन, एकूण एकवीस. प्रत्येक लेप वाळल्यावर पुढचा. धागा वाटेत ओवून बांधतात आणि दर आठवड्याला बदलतात. बदलताना जुन्या धाग्याला नवा बांधून ओढून घेतात, निघालेल्या धाग्याची लांबी पट्टीने मोजतात आणि लिहून ठेवतात. आठवड्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने वाट कापली जाते आणि मागून भरत येते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अनेक केंद्रांवरच्या चाचणीचा अहवाल 1991 साली आला. क्षारसूत्रात रोग उलटण्याचे प्रमाण 4 टक्के, नेहमीच्या शस्त्रक्रियेत 11 टक्के. जखम भरायला मात्र क्षारसूत्रात आठ आठवडे, शस्त्रक्रियेत चार. ही बाजू जमेची. दुसरी बाजू अशी, की क्षारसूत्रही शेवटी स्नायू कापतेच, फक्त सावकाश. उंच वाटेला, शाखा असलेल्या वाटेला आणि बाईच्या पुढच्या वाटेला ते घालण्याआधी एमआरआय तितकाच गरजेचा. शिवाय आठ सेंटिमीटरची वाट म्हणजे दोन महिने, दर आठवड्याला एक खेप. सोयाबीनची सवंगणी आणि कापसाची वेचणी सुरू असताना आष्टी किंवा कारंजाहून दर आठवड्याला येणे मजुराला झेपत नाही. मधल्या खेपा चुकतात आणि दोष सूत्राला लागतो. तारीख ठरवताना हंगाम बघून ठरवली तर निम्मे काम होते. 2020 च्या सरकारी अधिसूचनेने आयुर्वेदातल्या शल्यतंत्राच्या पदव्युत्तर वैद्यांना करता येणाऱ्या शस्त्रक्रियांची यादी जाहीर केली तेव्हा देशभर वाद झाला. रुग्णाच्या दृष्टीने त्या वादापेक्षा एवढेच महत्त्वाचे, की सालोडचा केसपेपर सेवाग्रामला वाचता यावा आणि सेवाग्रामचा सालोडला.

कोड : दोन कार्डे, एक आकडा

समजा, चाळिशीतला एक रुग्ण डिस्चार्ज होतो आणि त्याच्या कार्डावर असते: ‘फिस्टुला इन एनो. ऑपरेशन केले. ड्रेसिंग रोज. पंधरा दिवसांनी दाखवणे.’

त्याच रुग्णाचे दुसऱ्या डॉक्टरने लिहिलेले कार्ड असे असू शकते: ‘किचकट भगंदर, मागील ऑपरेशननंतर बरा होऊन पुन्हा झालेला. बाहेरचे तोंड पाच वाजता, कडेपासून चार सेंटिमीटर. आतले तोंड सहा वाजता, डेंटेट रेषेवर. ट्रान्सस्फिंक्टरिक, बाहेरच्या स्नायूचा साधारण निम्मा भाग वेढलेला. एक शाखा उजवीकडे. ती मोकळी केली. सैल सेटन घातला. तुकडा बायोप्सी व सीबीनॅटला. शौचावर ताबा ऑपरेशनपूर्वी पूर्ण.’

आता हे दोन्ही कागद मेडिकल रेकॉर्ड विभागात कोडिंगला, म्हणजे निदानाला ठरावीक आकडा द्यायला गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 या रोगवर्गीकरणात दोघांनाही एकच आकडा मिळतो: के60.3, गुदद्वाराचा भगंदर. साधा-किचकट हा भेद त्या कोडात नाहीच. सोबत गळू असेल तर के60 सोडून के61 च्या गटात जावे लागते. कारण क्षय असेल तर ए18.3 पुढे येतो, क्रोन्स असेल तर के50. वाट योनिमार्गात उघडत असेल तर एन82. शौचावरचा ताबा आधीच गेला असेल तर आर15 वेगळा नोंदवायचा. तो ऑपरेशनच्या आधी नोंदला तर रुग्णाला न्याय, डॉक्टरलाही संरक्षण.

अमेरिकेने आपल्या आवृत्तीत 1 ऑक्टोबर 2024 पासून हा भेद आणला. तिथे साध्या भगंदराला के60.31, किचकटाला के60.32, आणि त्यापुढचा सहावा आकडा सांगतो की रोग पहिल्यांदाच झाला, बराच झाला नाही, की बरा होऊन उलटला. आपल्या दुसऱ्या कार्डाला के60.323 मिळेल, पहिल्याला के60.30, म्हणजे ‘तपशील नाही’. मुंबई-पुण्यात बसून अमेरिकी रुग्णालयांचे कोडिंग करणाऱ्या मराठी मुलामुलींना हे पाठ असते. शस्त्रक्रियेच्या अमेरिकी कोडातही वाटेनुसार वेगळे आकडे आहेत: इंटरस्फिंक्टरिकला 46275, ट्रान्सस्फिंक्टरिक किंवा अनेक वाटांना 46280, फ्लॅपला 46288, नुसत्या सेटनला 46020, प्लगला 46707. लिफ्टला मात्र स्वतःचा कोड नाही. ती 46999 या ‘यादीत नसलेल्या’ खात्यात टाकून वेगळे टिपण जोडावे लागते. कोडर अंदाजाने काही लिहू शकत नाही. सर्जनने स्नायूचे नाव लिहिले नसेल तर त्याला फक्त विचारणा पाठवता येते.

आयुर्वेदाच्या बाजूलाही कोड आले आहेत. आयुष मंत्रालयाचे रोगसंज्ञांचे नमस्ते पोर्टल 2017 पासून आहे, आणि आयसीडी-11 मध्ये आयुर्वेद, सिद्ध, युनानीचा विभाग 10 जानेवारी 2024 रोजी दिल्लीत खुला झाला. म्हणजे शतपोनक किंवा उष्ट्रग्रीव अशी सुश्रुताची नावे वापरणारा वैद्य आणि ट्रान्सस्फिंक्टरिक म्हणणारा सर्जन आता एकाच नोंदीत दोन्ही नावे ठेवू शकतात.

कार्डावरची ओळ शेवटी विम्याच्या टेबलावरही जाते. या जिल्ह्याला विमा नवा नाही. ऐंशीच्या दशकात डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने सेवाग्रामच्या भोवतालच्या गावांत ज्वारीच्या हप्त्यावर आरोग्य विमा चालत होता. सुगीला ज्वारी गोळा व्हायची आणि आजारपणात कस्तुरबा रुग्णालयात मोफत किंवा सवलतीत उपचार मिळायचे. त्या व्यवहारात रुग्णाला गाव ओळखत होते. आजचा विमा कागद ओळखतो. 2012 साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आणि आता तिचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. पॅकेज मंजूर होते ते पाठवलेल्या फोटोंवर, रिपोर्टवर आणि निदानाच्या ओळीवर. ओळ मोघम असली की शंका येते, शंका आली की फाइल अडते. खासगी पॉलिसीत भगंदराला बहुधा दोन वर्षांची प्रतीक्षा असते. केसपेपरवर सवयीने लिहिलेले ‘बऱ्याच वर्षांपासून त्रास’ हे शब्द तिथे दावा बुडवू शकतात. उपाय खोटे लिहिणे हा नव्हे. पहिला फोड कधी आला, निदान कधी झाले, हे रुग्णाला नीट विचारून नेमके लिहिणे हा आहे. विमा नियामकाने आयुष उपचारांना 1 एप्रिल 2024 पासून इतर उपचारांच्या बरोबरीने धरायला सांगितले आहे, म्हणून क्षारसूत्राच्या नोंदीलाही हेच लागू.

करता येण्याजोगे

सेवाग्रामच्या रुग्णालयाने सी-डॅकच्या मदतीने रुग्णनोंदी संगणकावर आणल्याला बरीच वर्षे झाली. सावंगी आणि सालोडही शिकवणारी केंद्रे आहेत. या तिघांनी आणि जिल्हा रुग्णालयाने भगंदराच्या डिस्चार्ज कार्डासाठी एकच नमुना ठरवला, तर जिल्ह्यापुरता हा प्रश्न बराचसा सुटेल. त्यात सात ओळी पुरतात: बाहेरचे तोंड, आतले तोंड, पार्क्सचा प्रकार, स्नायूचा वेढलेला भाग, शाखा, काय केले, बायोप्सीचा निकाल कुठे मिळेल. बाजूला घड्याळाचे छापील वर्तुळ, त्यावर पेनाने काढलेली वाट. खाली मराठीत दोन वाक्ये, रुग्णाला समजतील अशी: तुमचा भगंदर साधा आहे की किचकट, आणि धागा अजून आत आहे की काढला. धागा आत असल्याचे माहीत नसलेला रुग्ण घरी तो ओढून काढतो, असे होते.

रुग्णानेही तीन गोष्टी मागाव्यात. डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची फिल्म किंवा सीडी, आणि बायोप्सीचा रिपोर्ट. त्या आभा या डिजिटल आरोग्य खात्याला जोडल्या तर उत्तम. नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्यासोबत पेटीत ठेवाव्यात. दुसऱ्या दवाखान्यात जाताना आधीच्या डॉक्टरचे ऑपरेशन लपवू नये. ते सांगितल्याने कुणी हाकलून देत नाही, न सांगितल्याने चुकीच्या जागी चाकू पडतो.

या सगळ्याला नवे यंत्र लागत नाही की निधी. शस्त्रक्रिया संपल्यावर वाट डोळ्यांसमोर ताजी असते, तेव्हा ती कागदावर उतरवायला पाच मिनिटे पुरतात. निवासी डॉक्टर ती पाच मिनिटे वाचवतो, कारण ती कामात धरली जातात असे त्याला कुणी सांगितलेले नसते. ते सांगणे विभागप्रमुखांच्या हातात आहे, आणि सुरुवात पुढच्या ऑपरेशन लिस्टपासून करता येते.